सूर्यफुलांच्या पायघड्या

प्लॅस्टिकच्या फुलांवर माझा राग जुना आहे. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या लग्नांत डेकोरेशनवाल्याची कमान आली, थर्माकोलचे मोर आले, आणि कुणाच्याही लग्नाला जा, तोच गुलाबी गुलाब दारात उभा. धूळ बसलेला, काडीला तार गुंडाळलेला. या गावच्या मांडवातून काढायचा, झटकायचा आणि दुसऱ्या गावी नेऊन लावायचा. जवळा बाजारच्या एका लग्नात मी त्या कमानीतलं फूल जरा ओढून पाहिलं, तर मागे आधीच्या लग्नातल्या अक्षता अडकलेल्या. हळदीच्या, वाळून खडखडीत झालेल्या. म्हणजे नवरा-नवरी नवे आणि फुलं उष्टी. त्या दिवशी मी जेवले नीट, पण डोकं फिरलं ते फिरलंच.

दोन हजार साल उलटल्यावर आजूबाजूच्या गावांतून मला मांडव सजवायला बोलावणी येऊ लागली. हट्टा गावाच्या पुढची ती बाई शेतातलंच काहीबाही आणते आणि मांडव असा करते की बघत राहावं, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. शिकलेल्या पोरी यायच्या, मावशी, आमच्या मांडवात कापसाची बोंडं लावा म्हणायच्या. मी लावायचे. पण याची सुरुवात माझ्या नणंदेच्या लग्नात झाली आणि ती काही सुखासुखी झाली नाही, हे फार जणांना ठाऊक नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या. घरात सासरे, माझा नवरा आणि फ्रॉकातली नणंद. लग्नाच्या दिवशीच ती माझ्या शालूचा पदर धरून बसली, ती सोडायलाच तयार नाही. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. ती शहाणी झाली तेव्हा काय करायचं, काय नाही, ते मी सांगितलं. सातवीनंतर सासरे म्हणाले आता पुरे, तेव्हा मी भांडले, रुसले, शेवटी सायकल घ्यायला लावली आणि तिला हट्ट्याच्या शाळेत धाडलं. पुढे मला दोन मुलं झाली, ती तिच्याच कडेवर वाढली. ती मला वहिनीच म्हणायची, तसंच म्हणायला हवं होतं, आणि मलाही कधी दुसरं काही वाटलं नाही. म्हणजे लग्न ठरेपर्यंत वाटलं नाही.

स्थळ औंढ्याचं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची शेती, माणसं शांत. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे माणसांची लग्नं सुरू होतात, तसा मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. कन्यादानाला जोडपं लागतं आणि सासरे तर एकटे. भटजी म्हणाले, भाऊ-भावजय बसले तरी चालतं. सासरे म्हणाले, माझा थोरला भाऊ हयात असताना लेकरांना कसं बसवू? ठरलं. शेजारच्या घरातले चुलत सासरे आणि चुलत सासू बसणार. आम्ही सगळे त्यांना काका-काकूच म्हणायचो. नवऱ्या मुलाची आई आली की तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, विहीण म्हणून गळाभेट घ्यायची, तेही मुलीच्या आईच्या जागी काकूच करणार. हे मला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं, तेही मी चुलीपुढं भाकरी थापत असताना. मी ती भाकरी अशी बडवली की परातीतच फाटली. काहून एवढी तापली, असं नवऱ्यानं विचारलं. मी म्हणाले, पीठ खराब हाय.

काकूंवर माझा राग नव्हता. गुडघे धरून चालणारी ती बाई, जिभेची तिखट पण मनानं साफ. रीत आहे ती आहे. पण पोरगी मी वाढवली होती, आणि तिच्या लग्नात माझ्या वाट्याला आलं काय, तर कोठीतल्या साखरेचा हिशोब आणि पाहुण्यांचं पाणी. मला रडू यायचं आणि रडू येतं म्हणून अजून राग यायचा.

अशात एका दुपारी नणंद माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, तिला ती गुलाबी कमान नको. लग्न लागेल ते आपल्या शेतातल्या फुलापानांत लागावं. मी लगेच उठले आणि सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले. कमान सांगू नका, मांडव मी बघते म्हणाले. ते म्हणाले, औंढ्याची माणसं हायेत, दारावरून रोज गावोगावचे यात्रेकरू जाताना बघणारी, ती हसतील आपल्याला. हसू द्या म्हणाले मी. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कमानीचा नाद सोडला. मला एवढंच पाहिजे होतं: बोहल्यावर बसता येत नाही तर बोहल्यावर लावलेलं तरी माझ्या हातचं असावं. तिच्या लग्नात मी कुठंतरी दिसावं.

मग मी कामालाच लागले. मार्गशीर्षातलं आमचं शेत म्हणजे काय विचारता. तूर पिवळ्या फुलांनी लगडलेली. कापसाच्या वेचण्या चाललेल्या. खरिपाची ज्वारी काढून झालेली, कणसं खळ्यावर. कालव्याच्या अंगाला हळद कमरेइतकी उंच, रुंद हिरव्या पानांची. आणि हळदीच्या कडेला सासऱ्यांनी त्या वर्षी रब्बीचं सूर्यफूल टाकलेलं, ते नेमकं लग्नाच्या तोंडावर भरात आलेलं. शेवंती तेवढी बाजारातून आणायची, बाकी गावाच्या शिवेबाहेर जायचंच नाही असं मी ठरवलं.

आधी सगळं करून पाहिलं, कारण फुलांचा भरवसा नसतो. तुरीची फांदी तोडली की दुपारपर्यंत फुलं गाळते, म्हणून ती ऐन सकाळी तोडायची. हळदीचं पान ऊन लागलं की कडेनं गुंडाळतं, म्हणून ओल्या गोणपाटात ठेवायचं. कापसाची बोंडं मात्र गुणाची, आठवडा गेला तरी हलत नाहीत. सरकीसकट फुटलेल्या बोंडांच्या पराट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, मी तशाच्या तशा तोडून आणल्या, तेव्हा वेचणीला आलेल्या तांड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. वेचायचा कापूस काडीवर ठेवून त्याची शोभा बघणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मी म्हणाले, लग्न झाल्यावर वेचून देते सगळा. आणि दिलाही.

मांडवाच्या खांबांना मी ज्वारीचे धांडे उभे बांधले आणि वरच्या टोकाला कणसांचे झुबके. दोन खांबांच्या मधे अंबाडीच्या सुतळीत ओवलेली आंब्याची पानं, मधे मधे कापसाचं बोंड. बोहल्याच्या मागच्या बाजूला हळदीची पानं, खालून वर, कौलं चढवतात तशी एकावर एक. ती लावताना हाताला असा वास लागतो की दोन दिवस जात नाही. नणंदेला हळद लागली त्या दिवशी मांडवही त्याच वासाचा झाला होता. तिनं मला हळूच बोलावून सांगितलं, वहिनी, शेतात बसल्यासारखं वाटून राहिलं. माझा सगळा राग तिथंच निम्मा झाला.

एका गोष्टीची मी फार काळजी घेतली होती. आमच्याकडे प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, एखादं झाड, वेल, फूल. लग्नात त्याची पूजा करतात, आणि एरवी त्या कुळातलं माणूस ते तोडत नाही, जाळत नाही, त्याच्यावर पाय पडू देत नाही. आमचं देवक कळंब. मांडवावर टाकायला डहाळे आणायला बैलगाडी निघाली तेव्हा मी गाडीवानाला बजावलं होतं, पूजेपुरती फांदी वेगळी येईल, बाकी चुकून एक पान जरी कळंबाचं आलं तर जेवायला वाढणार नाही. तो बिचारा प्रत्येक फांदी दोनदा बघून गाडीत टाकत होता.

सूर्यफुलं मी शेवटाला ठेवली. लांब दांड्याची तोडली तर ती मान टाकतात, हे करून पाहिलेलं. म्हणून लग्नाच्या दिवशी उजाडताच तोडली, दांडे आखूड केले आणि गुरांच्या हौदात पाण्यावर ठेवून दिली. त्यांचा चीक हाताला लागला की निघत नाही, बोटं काळी होतात. मग शेणानं सारवलेल्या वाटेवर, मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत, फुलं ओळीनं अंथरली आणि मधे पाकळ्या पसरल्या. मानाच्या पाहुण्याच्या पायाखाली पायघड्या घालतात, धोतरजोडीच्या नाहीतर लुगड्याच्या. म्हटलं, औंढ्याच्या माणसांना आपण फुलांच्या घालू. जमिनीवर ऊन सांडल्यासारखं दिसत होतं ते. मी स्वतःच्या कामावर एवढी खूष कधी झाले नव्हते.

काका सकाळपासून त्याच वाटेवरून चपला वाजवत येरझाऱ्या घालत होते. सूनबाई, राजाच्या घरीबी असं नसंल, असं म्हणत होते. हे मी मुद्दाम सांगते आहे.

वऱ्हाड दुपारी आलं. नवरदेव आधी घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, आमच्याकडे त्याला परण्या म्हणतात. तो परण्या वाजतगाजत मांडवाच्या दाराशी आला. पुढे नवरदेवाची आई. उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. काकू ताट-तांब्या घेऊन पलीकडच्या टोकाला, बोहल्याशी उभ्या. मी कोपऱ्यात, खांबाला टेकून. विहीणबाईंनी पाय उचलला, खाली बघितलं आणि उचललेला पाय तसाच मागे घेतला. चपला काढल्या. तरीही पुढे येईनात. त्यांच्या मागे सगळं वऱ्हाड थांबलं. बँडवाले थोडा वेळ वाजवत राहिले आणि मग तेही गप्प झाले.

आमच्या लोकांना वाटलं, वरमाई रुसली. वरमाई रुसणं काही नवीन नाही, तो एक मानच असतो, आणि त्यासाठी एक साडी बाजूला काढून ठेवलेलीच असते. काका लगबगीनं म्हणाले, आणा रे ती साडी. साडी आली. विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान हलवली आणि खाली फुलांकडे बोट केलं.

"हे आमचं देवक हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर पाय कसा देऊ?"

सूर्यफूल हे कुणाकुणाचं देवक असतं हे मला ठाऊक होतं, पण यांचं आहे हे मी कुणाकडून ऐकणार? सोयरीक जुळवायच्या बैठकीत दोन्हीकडची देवकं विचारतात, कारण एकच देवक निघालं तर लग्न होत नाही. त्या बैठकीत काका होते, सासरे होते, माझा नवरा होता. तिघांनी कानांनी ऐकलं होतं. आणि घरी येऊन बायकांना काय सांगितलं, तर देवक वेगळं हाय, जुळलं. एवढंच. त्यानंतर तिघांनीही ते फूल मांडवात सकाळपासून पाहिलं, त्याच्यावरून चालले, वर मला शाबासकी दिली, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मोठेपणा सोडवत नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हे कुणी केलं, सूनबाई, जरा विचारून करायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर बोलले.

"काका, बैठकीत तुमी व्हता. मी चुलीपाशी व्हते."

तेवढ्यात कुणीतरी शहाणा खराटा घेऊन आला, पटकन झाडून टाकतो म्हणाला. मी त्याच्या हातातून खराटा हिसकावला. पायाखाली आलं ते आलं, आता वरून देवकाला खराटा लावायचा काय? मी खाली बसले, पदर पसरला आणि एक एक फूल उचलून पदरात घ्यायला लागले. आतल्या खोलीच्या खिडकीत नणंद उभी होती. मुंडावळ्या बांधलेली, आणि तोंड पांढरंफटक. लग्न मोडतं असंच तिला वाटत होतं, मला दिसत होतं. भटजी मुहूर्ताची घाई करत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पोरीच्या लग्नात मी कुठंतरी दिसावं म्हणत होते ना, घ्या, सगळ्या गावानं बघितलं.

मग माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. विहीणबाई होत्या. त्यांनी नव्या शालूचा पदर जमिनीवर पसरला आणि त्याही उचलायला लागल्या. फूल उचलायचं, कपाळाला लावायचं आणि पदरात ठेवायचं. त्यांचं बघून वऱ्हाडातल्या बायका बसल्या, मग आमच्या बसल्या. थोड्या वेळानं कोण कुणाकडची तेच कळेना. नवरदेवही घोड्यावरून उतरायला निघाला होता, पण बाशिंग सरकेल म्हणून त्याच्या मामानं त्याला दाबून धरलं. मग तो वरूनच बोट दाखवून सांगायला लागला, तिकडं खांबाच्या मागं एक राहिलं. त्यावर एक म्हातारी हसली आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. मीसुद्धा, रडता रडता.

उचलताना विहीणबाई माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या. फुलं कुणी तोडली, हे विचारलं. मी म्हणाले, मी. दुपारपर्यंत अशी टवटवीत कशी राहिली, हे विचारलं. मी हौदाचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या की ही फुलं आजवर त्यांच्या घरात देव्हाऱ्यातच बघितली, एवढ्या मायेनं दारात मांडलेली कुणाच्या घरी बघितली नाहीत. चूक माहीत नसल्याची होती, हात काही वाईट नव्हता, असंही म्हणाल्या. पोरीची आई कधी गेली, तेही विचारलं. मी सांगितलं, ती चौथीत असताना. मग शाळा, स्वयंपाक, शिवण कुणी शिकवलं, असं त्या एकेक विचारत गेल्या आणि मी खाली मान घालून उत्तरं देत गेले. सगळ्या उत्तरांत मीच होते, याचं मला तेव्हा भानही नव्हतं.

सगळी फुलं आम्ही मोठ्या सुपांत भरून बोहल्याच्या दोन्ही बाजूंना उंचावर ठेवली. पाकळ्या ओंजळींनी गोळा करून पाण्याच्या घंगाळात सोडल्या. वाट मोकळी झाली, नुसती सारवलेली. बँडवाल्यांनी पुन्हा सुरू केलं. विहीणबाई त्या मोकळ्या वाटेनं अनवाणी चालत बोहल्यापर्यंत आल्या. काकू ताट-तांब्या घेऊन पुढे झाल्या, आणि विहीणबाई पुन्हा थांबल्या. आता काय राहिलं, म्हणून सगळे माना उंचावून बघायला लागले.

त्यांनी काकूंच्या पाया पडून घेतलं, थोरपणाला करतात तसं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि काकूंच्या खांद्यावरून मागे, खांबाजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी तुमचीच ना?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते डोळे पुसत दुसरीकडे बघत होते. काकूंनी गुडघा धरून एक सुस्कारा टाकला, माझा चिकानं काळा झालेला हात ओढला आणि ताट-तांब्या माझ्या हातात दिला. बोल की, तोंडात काय मूग धरलेस, असं त्या त्यांच्या नेहमीच्या तिखट आवाजात म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणाले. "माझीच."

आणि विहीणबाईंचे पाय धुवायला खाली बसले.